वळणावर न कलणारी गाडी

भाड्याच्या खोलीसाठी मी आजवर बऱ्याच घरमालकांना मुलाखती दिल्या आहेत. कुणी गाव विचारलं, कुणी आडनाव खोदून खोदून विचारलं, कुणी रात्री दिवा किती वाजता बंद करता ते विचारलं. महाळुंगे पडवळच्या सरांनी मात्र मला एकच प्रश्न विचारला.

"पुस्तकं कुठल्या फळीवर ठेवणार?"

मी मंचरच्या कॉलेजात नुकताच मराठी शिकवायला लागलो होतो. प्रश्न मला वाङ्मयीन वाटला. पण काही सुचेना, म्हणून खरं तेच बोललो. "जड खाली, हलकी वर."

"खोली तुमची," सर म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. भाडं सांगायचं ते विसरले. ते नंतर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी सांगितलं.

सरांनी सारी हयात हायस्कुलात विज्ञान शिकवण्यात घालवली होती. प्रकाश, ध्वनी, उष्णता, सगळं शिकवलं असणार, पण निवृत्त होताना ते बाकीचं शाळेतच ठेवून फक्त गुरुत्वमध्य घरी घेऊन आले. कुठलीही वस्तू पडते, कलंडते, उलटते ती तिचा गुरुत्वमध्य वर गेल्यामुळे, आणि माणसाचंही तसंच, असं त्यांचं ठाम मत. त्यांच्या ओट्यावर खुर्ची नव्हती. जेवायला पाट नव्हता. पाण्याची टाकी सगळा गाव गच्चीवर ठेवतो, सरांनी ती जिन्याखाली ठेवली होती. वरच्या मजल्यावर मी राहत होतो आणि टाकी माझ्या नळापेक्षा खाली होती, त्यामुळे माझ्या नळाला कधीच पाणी आलं नाही. मी तक्रार केली तेव्हा सर शांतपणे म्हणाले, "पण टाकी कधी पडणार नाही." तीन वर्षं मी बादलीनं पाणी वर नेलं.

त्यांचा एक जुना विद्यार्थी सरपंच झाला. गुलाल अंगावर घेऊन पाया पडायला आला. सरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "गुरुत्वमध्य खाली ठेव." वरातीत घोड्यावर बसलेल्या नवऱ्या मुलालाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि तो बिचारा खरोखरच खाली उतरून मांडवापर्यंत चालत गेला. सरांचा शब्द पंचक्रोशीत कुणी मोडत नसे. घरात मात्र तो पाळायला कुणी रिकामं नव्हतं, कारण घरात काकू होत्या आणि काकू शेतावर असायच्या.

टोमॅटो, कांदा, थोडी मेथी असा त्यांचा सगळा कारभार, आणि छोटा ट्रॅक्टर त्या स्वतः चालवायच्या. डोक्यावर रुमाल, त्यावर पदर, आणि ढेकळांतून धाडधाड उडत निघालेला तो ट्रॅक्टर. खाली उतरल्या की कमरेवर हात ठेवून उभ्या राहायच्या आणि विचारायच्या, "काय मास्तर, तुमच्या पोरांनी आज काय शिकवलं तुमास्नी?"

एवढ्या खंबीर बाईवर एकच गोष्ट मात करायची. त्यांना गाडी लागायची. एसटीत बसल्या की मंचर यायच्या आत तोंडाला पदर. जीपमध्ये त्याहून वाईट. आणि त्यांचं माहेर नेमकं भीमाशंकरच्या अंगाला, डिंभ्याच्या पुढचा घाट चढून वर. लग्नानंतर त्या जितक्या वेळा माहेरी गेल्या तितक्या वेळा पोचल्यावर दिवसभर अंधाऱ्या खोलीत आडव्या पडून राहिल्या. मग जाणंच सोडलं. त्याऐवजी त्यांचा धाकटा भाऊ दर भाऊबीजेला खाली यायचा. पिशवीत वरचा तांदूळ, वाळवलेला हिरडा, आणि दारातच हाक, "आक्का, आलो गं." एकदाही चुकला नव्हता.

त्या वर्षी पावसाळ्याआधी घराची कौलं शाकारताना तो घसरला. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं, यंदाची दिवाळी घरातच. भावानं फोन केला. "आक्का, ह्या वर्षी काय माझं येणं व्हत न्हाई." काकू "बरं" म्हणाल्या. फोन ठेवला, ट्रॅक्टर काढला आणि आदल्याच दिवशी नांगरलेलं वावर पुन्हा नांगरून आल्या.

सर ओट्यावर बसून हे पाहत होते. पुढच्या आठवड्यात मी कॉलेजातून आलो तर अंगणात एक लालभडक, बसकी गाडी उभी. मागं डिकीवर विमानाच्या पंखासारखा पत्रा बसवलेला, काचेवर आगीच्या ज्वाळा चिकटवलेल्या. तिच्या काळात ती गाडी वेगासाठी नावाजलेली होती. चाकणच्या कुणा तरुणाची होती, आणि त्याचं लग्न ठरल्यावर सासरच्यांनी आधी तिला घराबाहेर काढलं होतं.

"सर, एवढी पळणारी गाडी कशाला?"

"पळवायला नाही. वळवायला." सर खाली वाकून गाडीच्या पोटाकडे पाहत होते. "हिला गाडी लागते ती वेगानं नाही. वळणावर गाडी कलते. गाडीबरोबर माणूस कलतो, माणसाबरोबर पोट. आता मला सांगा, गाडी कललीच नाही तर?"

भाऊबीजेपर्यंत न कलणारी गाडी तयार करायची आणि काकूंना माहेरी न्यायचं, असा बेत होता. काकूंनी गाडीकडे एकदा पाहिलं, ज्वाळांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्यात बसून माहेरी गेले तर भाऊ म्हनंल, दाजी सर्कशीत लागलं का काय."

सरांनी ज्वाळा खरवडून काढल्या आणि कामाला लागले.

इंजिनाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम. सगळा खेळ खालच्या अंगाचा. टायर, स्प्रिंग, हादरे शोषणारे शॉकअप आणि सांध्यासांध्यात बसवलेले रबरी बुश. दुसरा नियम, स्वस्त इलाज आधी. सर मोबाइलवर परदेशी पोरांचे व्हिडिओ बघायचे. ती पोरं अमेरिकेतल्या कुठल्याशा गॅरेजात उभी राहून जे सांगायची ते आमच्या स्वयंपाकघरात मोठ्या आवाजात ऐकू यायचं. काकूंना त्यातलं इंग्रजी येत नव्हतं, पण शब्द पाठ झाले, चाकाच्या तिरकेपणाला कॅम्बर म्हणतात इथपर्यंत. एकदा सर चष्मा शोधत घरभर फिरत होते आणि तो त्यांच्या कपाळावर होता. काकू मला म्हणाल्या, "ह्यांचा कॅम्बर चुकलाय."

सर्वांत स्वस्त इलाज म्हणजे हवा. टायरमधली हवा सर रोज सकाळी चहाच्या आधी मोजायचे. "टायर हेच खरं. जमिनीला फक्त तेच चिकटलेलं असतं. बाकीची सगळी वशिल्यानं आलेली मंडळी," असं ते म्हणायचे. मग चाकं एका रेषेत आणली. मग बुश बदलले. आधीच्या मालकानं सगळा पैसा गाण्याच्या डब्यांवर घातला होता आणि बुश पार चेपले होते. ते बदलल्यावर गाडी खरंच सुधारली. स्टिअरिंग जागच्या जागी आलं, खडखड गेली, वळणावर गाडी सांगाल तिथं जायला लागली. मला गाडीतलं काही कळत नाही, पण एवढं मलाही कळलं. सर इथं थांबले असते तर बरं झालं असतं. पण थांबले असते तर ते सर कसले.

ते स्प्रिंगांकडे वळले. आणि स्प्रिंगांसाठी पिंपळवंडीच्या मिस्त्रीकडे गेले.

हा मिस्त्री उत्तम होता, पण त्याचं सारं आयुष्य टोमॅटोच्या पिकअपखाली गेलं होतं. नारायणगावच्या बाजारात क्रेटांचा डोंगर लादून येणाऱ्या पिकअप मागून बसतात. मग मालक मिस्त्रीकडे येतात आणि मिस्त्री मागच्या स्प्रिंगला एक पोलादी पाटा वाढवून देतो. कुठलीही तक्रार आणा, तो म्हणणार, "एक पाटा वाढवू." सरांची गाडी त्यानं वर उचलली, खाली पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला.

"सर, हिला पाटंच न्हाईत. नुसत्या गुंडाळ्या हायत. आता ह्यात वाढवायचं काय?"

"वाढवायचं नाही," सर म्हणाले. "कमी करायचं. गुरुत्वमध्य खाली पाहिजे."

मिस्त्रीच्या आयुष्यात प्रथमच कुणीतरी गाडी आणखी खाली बसवायला आलं होतं. त्यानं कटर घेतला आणि चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकला. एकाला फक्त पिकअप कळत होती आणि दुसऱ्याला फक्त गुरुत्वमध्य, त्यामुळे दोघांचंही लगेच एकमत झालं.

गाडी अंड्यांवर बसलेल्या कोंबडीसारखी दिसायला लागली. सर तिच्याभोवती फेऱ्या मारत होते, खुशीनं त्यांना जेवणही गेलं नाही. दुसऱ्या दिवशी आम्ही मंचरला निघालो आणि गावच्या शाळेसमोरचा पहिला स्पीडब्रेकर आला. पत्रा खरवडल्याचा असा आवाज झाला की शाळेतली पोरं खिडकीत आली.

सरांनी लगेच उपाय काढला. वजन कमी केलं की गाडी उचलते. तेव्हापासून प्रत्येक स्पीडब्रेकरला आम्ही गाडीतून उतरायचो, चालत तो ओलांडायचो, पलीकडे उभे राहायचो, सर हलकी झालेली गाडी तिरकी करून इंचाइंचानं ओलांडायचे आणि मग आम्ही पुन्हा बसायचो. महाळुंगे ते मंचर रस्त्यावर किती स्पीडब्रेकर आहेत हे मला तोवर माहीत नव्हतं. एक शाळेसमोर, एक देवळासमोर, एक माजी सरपंचाच्या घरासमोर, आणि एक असा की ज्याच्या समोर काहीच नाही, नुसतं उसाचं रान. काकू एकदाच आमच्याबरोबर आल्या, बाजाराला. हातात पिशवी, उतर, चढ, उतर, चढ. शेवटी म्हणाल्या, "ह्याला गाडीत बसनं म्हनत्यात व्हय? ही तर गाडीला चालवत न्यायाची झाली, गुरावानी." त्या बाजारातून पायी परतल्या. आमच्या आधी पोचल्या.

लोकांना वाटायचं, गाडी बंद पडली. आमच्याकडची माणसं मदतीला उशीर करत नाहीत. एकदा दोघातिघा पावण्यांनी न विचारताच मागून जोर लावला आणि गाडी स्पीडब्रेकरवरून अशी गेली की सायलेन्सर तिथंच राहिला. सर त्यांना रागावले नाहीत. सायलेन्सर उचलला आणि म्हणाले, "हाही जरा खालीच बसवलेला होता."

कापलेल्या स्प्रिंगांवर मागची बाजू उड्या मारायची. मिस्त्रीनं त्यावर उपाय म्हणून वजन सांगितलं, वजनाचीच त्याला सवय. सरांनी बेण्याच्या बटाट्याची दोन पोती डिकीत टाकली आणि आठवडाभरात विसरून गेले. बऱ्याच दिवसांनी गाडीत कसलातरी वास येऊ लागला. डिकी उघडली तर आतून हिरवे कोंब बाहेर डोकावत होते. काकूंनी ते काढून बांधाच्या कडेला लावले. सरांच्या सगळ्या प्रयोगांत पीक आलेला हा एकच.

अखेर सरांना व्हिडिओतल्या एका पोरानं पटवलं, की स्प्रिंग कापणं म्हणजे अर्धवट औषध घेणं. तोकडी पण ताठ स्प्रिंग आणि तिच्या जोडीचाच शॉकअप, असं दोन्ही बरोबर हवं. पुण्यात कुणीतरी आपल्या गाडीचे काढून ठेवलेले विकत होता, ते सरांनी आणले. भंगारातून एका मोठ्या गाडीचा स्टॅबिलायझर आणला. दोन चाकांना आडवा जोडणारा हा लोखंडी दांडा. गाडीची एक बाजू वळणावर दबली की दुसरीलाही तो खाली ओढतो, म्हणून गाडी कलत नाही. गाडी थोडी वर आली, स्पीडब्रेकर ओलांडू लागली, आणि वळणावर खरोखर ताठ राहू लागली. हे मात्र मी शपथेवर सांगेन.

ते मोजायला सरांनी गवंड्याचा ओळंबा आणला आणि आरशाला टांगला. लोक तिथं देव टांगतात. ओळंब्यामागं शाळेतला मोठा लाकडी कोनमापक. मला शेजारी बसवायचे, कारण माझं वजन काकूंइतकंच होतं, असं त्यांचं म्हणणं. हे ऐकून काकूही खूष नव्हत्या आणि मीही. प्रत्येक वळणानंतर सर विचारायचे, "मळमळलं?" मी म्हणायचो, "नाही." मला जन्मात कधी मळमळलं नाही. शेवटी वैतागून म्हणाले, "तुमचं पोट दगडाचं आहे. प्रयोगाला निरुपयोगी." आणि त्यांनी शेठना बोलावलं.

शेठ म्हणजे सरांचे शाळेतले बाकमित्र. मंचरच्या पेठेत कापडाचं दुकान. घराणं पूर्वी कधीतरी राजस्थानातून आलेलं, पण आता त्यांच्याइतकी अस्सल आंबेगाव तालुक्याची मराठी मी कुणाकडून ऐकली नाही. शेठना जत्रेतला पाळणा नुसता बघूनही गरगरायचं. प्रवासाला निघाले की बुडाखाली वर्तमानपत्र पसरायचं आणि त्यावर बसायचं, म्हणजे म्हणे गाडी लागत नाही. आपल्याकडे निम्मा महाराष्ट्र असाच प्रवास करतो. सरांना त्याची भयंकर चीड.

"कागदाचा आणि पोटाचा काय संबंध?"

"संबंद मला म्हाईत न्हाई सर. पन वकायला मला व्हतं, तुमाला न्हाई. मंग ऐकायचं कुनाचं?"

पहिल्या फेरीला शेठ पेपरावर बसून घोडेगावापर्यंत जाऊन आले. ठणठणीत. सर म्हणाले, हा प्रयोग बाद, कागद नको. दुसऱ्या फेरीला शेठ कागदाविना बसले. डोळे मिटलेले, दोन्ही हात पोटावर, अंग ताठ. डिंभ्याच्या धरणापर्यंत गेलो, आलो. शेठ उतरले आणि हसले. सरांना आनंद आवरेना. भर पेठेत त्यांनी शेठना मिठी मारली, शेठ थोडे मागं सरकले. घरी येऊन सरांनी सांगितलं, "भाऊबीजेला निघायचं."

त्या रात्री मी वर बादली घेऊन चाललो होतो तर काकू भावाशी फोनवर बोलत होत्या. "येते रं. येते म्हनलं ना. ह्यांनी गाडी केलीया माझ्यासाठी." शेवटचं वाक्य त्या जरा हळू बोलल्या. पुढचे आठ-दहा दिवस घरात करंज्या तळल्याचा वास होता. भावाचीही खबर आली, तो कुबडीवर दारात उभं राहायचा सराव करतोय.

भाऊबीजेला सकाळी आम्ही निघालो. मला बहीण नाही, त्यामुळे मी मोकळाच होतो, आणि बटाटे काढल्यापासून मागच्या चाकांवर वजनाची उणीव होती. मी मागं, मांडीवर करंज्यांचा डबा आणि ओवाळणीचं ताट. काकू पुढं, नवं लुगडं, नाकाशी लिंबू. मंचरला पेठेच्या तोंडाशी शेठ उभे होते. हातात घडी घातलेला पेपर. त्यांनी गाडी थांबवली आणि खिडकीतून पेपर आत सरकवला.

"वहिनी, हा घ्या. बुडाखाली घाला. सर, रागवू नका, त्या दिवशी माझ्या सदऱ्याच्या आत पेपर व्हता."

"कुठं?" सरांनी विचारलं.

"पोटाशी. आख्खा. पुरवनीसकट."

सरांनी स्टिअरिंगवरचे हात काढून मांडीवर ठेवले. "का केलंत असं?"

"तुमी लई खुशीत व्हता राव. माझ्या च्यानं तुमचं तोंड उतरलेलं बघवलं नसतं."

सरांनी काकूंच्या हातातला पेपर घेतला, मागं माझ्याकडे टाकला आणि गाडी सुरू केली. घोडेगाव गेलं, डिंभे गेलं. घाट लागला. पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी रेषभर कलली नाही. सरांची नजर एकदा रस्त्यावर, एकदा काकूंवर. तिसऱ्या वळणाला काकू म्हणाल्या, "थांबवा."

दार उघडून त्या कठड्याकडे धावल्या. मी ताट सांभाळत खाली उतरलो. सर पाण्याची बाटली घेऊन मागं उभे राहिले. काकूंचं झालं, त्यांनी चूळ भरली आणि कठड्यावर टेकल्या. लुगड्याचा काठ भिजला होता. सर शेजारी उभे राहून बाटलीचं झाकण लावत होते आणि पुन्हा काढत होते. त्यांना तसं पाहून मला फार वाईट वाटलं. शेवटी ते म्हणाले, "चल, माघारी जाऊ. गाडी चांगली झाली गं, पण तुझ्या उपयोगाची नाही झाली."

"माघारी?" काकूंनी पदरानं तोंड पुसलं. "त्यो तिकडं कुबडीवर उभा ऱ्हायला असंल."

"पण तुला वरपर्यंत..."

"किल्ली आना इकडं."

"काय?"

"मी चालवते."

"तू? ह्या घाटात?"

"ट्रॅक्टर काय तुमी चालवता व्हय? आन् मला सांगा, त्याला तुमचा ह्यो शॉकअप हाय का? स्प्रिंग हाय? इतकी वर्सं ढेकळांतनं हादरत चालवते, कदी वकताना बघितलं मला?"

त्या ट्रॅक्टरला सरांनी रोज ओट्यावरून पाहिलं होतं, हे मात्र कधी ध्यानात आलं नव्हतं.

"लायसन?" त्यांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

"तुमीच काढून आनलंय. सरका."

सर शेजारच्या सीटवर जाऊन बसले. काकूंनी आधी तो ओळंबा काढून माझ्या हातात दिला. "ह्या लटकनाकडं बघूनच निम्मं मळमळतं." गाडीनं एक हिसका खाल्ला, दुसरा खाल्ला आणि चालू लागली. पहिली काही वळणं काकूंनी ट्रॅक्टरच्या चालीनं घेतली, पाठ ताठ, नजर लांब. मग एका वळणावर गाडी आपोआप आत वळल्यासारखी वळली आणि काकूंचा चेहरा बदलला. पुढचं वळण त्यांनी जरा जोरात घेतलं. त्याच्या पुढचं आणखी जोरात.

"आवं, ही तर काय सुरेख वळतीया वो!"

सहा महिन्यांच्या खटपटीची ही पहिली पावती होती. सरांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि घाईघाईनं मिटलं. मी आरशात पाहिलं. सरांचा रंग मेथीच्या पानासारखा झाला होता. ह्या गाडीचं चाक आजवर त्यांच्याच हातात होतं, आणि एसटीत ते ड्रायव्हरशेजारी बसून त्याला सूचना द्यायचे. नुसतं बसून घाट चढायची त्यांची ही पहिलीच वेळ.

"थांबव," सर म्हणाले.

"चढावर न्हाई थांबायचं. दम धरा वाईच."

दम धरवला नाही. पुढच्या कठड्याशी काकूंनी गाडी उभी केली तेव्हा सर दाराबाहेर अर्धे लटकलेच होते. मी पाठीवरून हात फिरवत होतो. मध्येच त्यांनी एक बोट वर केलं. मला वाटलं, पाणी मागताहेत.

"कलली नाही," सर म्हणाले. "बघितलंत ना? जराही कलली नाही." आणि पुन्हा खाली वाकले.

काकूंनी माहेरच्या दारात गाडी आणून उभी केली तेव्हा भाऊ खरोखरच कुबडीवर उभा होता. आक्का म्हणजे पांढरा चेहरा, ओला पदर आणि धरून उतरवावी लागणारी, हीच त्याला सवय. इथं ती ड्रायव्हरच्या दारातून उतरली, किल्ली कमरेला खोचली आणि चालत त्याच्याकडे आली. त्यानं कुबडी टाकली आणि भिंतीला धरून रडायला लागला. "आक्का, तू तर ताजीतवानी दिसतीस गं." काकूही रडत होत्या. मीही डोळे पुसले, नाकारत नाही. मग भावानं इकडेतिकडे पाहिलं.

"दाजी कुठं हायत?"

"गाडीत," काकू म्हणाल्या. "त्यास्नी गाडी लागली."

त्यानंतर जे हसू सुरू झालं ते ओवाळणी होईपर्यंत थांबलं नाही. काकूंनी भावाला ओवाळलं, मग मलाही ओवाळलं, ताट एवढ्या लांबून सांभाळून आणलं म्हणून. सर ओट्यावर लिंबू हुंगत आडवे होते आणि छताकडे पाहून समजावून सांगत होते, "चालवणाऱ्याला वळण आधी ठाऊक असतं. अंग आधीच तयार होतं. बसणाऱ्याला ते मागाहून कळतं. म्हणून..."

"गप पडा आता," काकू आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत निघालो. काकू कुणाला न विचारताच ड्रायव्हरच्या जागी बसल्या, भावानं तांदळाची पिशवी आत दिली, गाडी सुरू झाली. सर मात्र दारापाशी रेंगाळत होते. मग वाकून मागच्या खिडकीतून मला हळूच म्हणाले, "तो शेठचा पेपर आहे का टाकलात?"

मी पेपर पुढं केला. त्यांनी पुरवणीसकट सगळा उलगडला, सीटवर नीट पसरला, चारही कोपरे हातानं सपाट केले आणि त्यावर हळूच बसले. काकू समोर बघत ओठ दाबून हसत होत्या. आरशात माझे डोळे दिसले तसं सरांनी मान ताठ केली.

"गुरुत्वमध्य खाली राहतो यानं," ते म्हणाले.